केसांमागे दडलेलं नाव

'रोलिंग स्टोन' या अमेरिकी संगीत नियतकालिकाचे जुने अंक शेजारी शेजारी मांडले की एक गोष्ट नजरेत भरते, आणि एकदा भरली की हटत नाही. वरच्या कडेला मोठ्या वळणदार अक्षरांत नियतकालिकाचं नाव असतं आणि त्या नावावर कुणाचं तरी डोकं आलेलं असतं. कधी एखाद्या गायिकेच्या पिंजारलेल्या केसांनी मधली दोन-तीन अक्षरं झाकलेली असतात, कधी एखाद्या गिटारवादकाच्या टोपीनं. नियतकालिकाजवळची सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे त्याचं नाव. ते कमवायला वर्षं लागतात, ते जपायला वकील लागतात. आणि तेच नाव मालक आपणहून झाकू देतो, अंकामागून अंक. का बरं?

या प्रश्नाचा माग काढत गेलं की भलत्याच ठिकाणी पोचायला होतं. वर नाव, मधे चेहरा, डाव्या कडेला ओळी, खाली पांढरी चौकट, ही रचना इतकी ठरून गेली आहे की ती कुणाच्या तरी आवडीतून आली असेल असं वाटतं. तिच्या मुळाशी मात्र दुकानातली फळी आहे, कागदाचा पोत आहे, शाईचा स्वभाव आहे, दुकानातलं यंत्र आहे. एवढ्या अडचणींच्या बेचक्यातून, आवाज नसलेल्या कागदावर माणसांनी संगीत उमटवलं. छपाईच्या इतिहासातल्या मोठ्या नवलांत मी या गोष्टीला जागा देईन.

फळीपासून सुरुवात करू. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरच्या बुकस्टॉलवर अंक कसे लावलेले असतात ते आठवा. एकावर एक, पायरीपायरीनं, मागच्या अंकाची फक्त वरची पट्टी दिसेल असे. लंडन-न्यूयॉर्कमध्येही वेगळं काही नाही. कुठे वरचा तिसरा हिस्सा दिसतो, कुठे अंक आडवे सरकवून ठेवल्यामुळे फक्त डावी कड दिसते. म्हणजे मुखपृष्ठ करणाऱ्याला आख्खं पान मिळतच नाही. गिऱ्हाईक अंक हातात घेईपर्यंत त्याच्या वाट्याला येते ती वरची पट्टी आणि डावा काठ. म्हणून नाव वर, म्हणून सगळ्यांत वजनदार ओळ डावीकडे.

ही भूमिती सगळ्यांत नेमकी ओळखली ती ब्रिटनमध्ये 1986 साली निघालेल्या 'क्यू' या मासिकानं. त्याचं नाव फक्त एका अक्षराचं. लाल चौकोन, त्यात पांढरा 'क्यू', आणि तो चौकोन वरच्या डाव्या कोपऱ्यात. वरची पट्टी आणि डावा काठ जिथे मिळतात नेमक्या तिथे. अंक कसाही ठेवा, आडवा सरकवा की उभा, चौकोन दिसायचाच. एकच अक्षर घेण्यामागे ते दुकानात उठून दिसेल हाही विचार होता, असं खुद्द मासिकानंच पुढे सांगितलं. अख्खं नाव एका कोपऱ्यात मावतं, म्हणजे बाकीचं पान मोकळं. पहिल्या अंकावर पॉल मॅकार्टनी होता. 2020 मध्ये मासिक बंद पडलं तोवर तो लाल चौकोन ब्रिटिश वाचकांच्या डोळ्यांत पक्का बसला होता.

आणि लालच का? लाल रंग लक्ष वेधतो हे खरं, पण छापखान्यात त्याला आणखी एक कारण आहे. चार रंगांच्या छपाईत बहुतेक रंग बारीक ठिपक्यांनी तयार होतात. तपकिरी, जांभळा, आकाशी, यांच्या कडांवर भिंग धरलं तर ठिपक्यांची जाळी दिसते. लालभडक रंग मात्र मॅजेंटा आणि पिवळा या दोन शायांचे पूर्ण भरीव थर एकावर एक दिले की मिळतो. ठिपके नाहीत, म्हणून कड धारदार. कागद हलका असला तरी अक्षर फुटत नाही. मोठ्या लाल अक्षरांत नाव छापण्याची ओढ जगभरच्या नियतकालिकांत दिसते तिच्यामागे ही शायांची सोयही आहे.

आता त्या झाकल्या जाणाऱ्या नावाकडे वळू.

'रोलिंग स्टोन'चा पहिला अंक 9 नोव्हेंबर 1967 या तारखेचा. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एकवीस वर्षांच्या यान वेनरनं संगीत समीक्षक राल्फ ग्लीसन यांच्या साथीनं तो काढला. साडेसात हजार डॉलर घरच्यांकडून उसने आणलेले, कचेरी एका छापखान्याच्या माळ्यावर. नावाची अक्षरं काढायला त्यांनी रिक ग्रिफिनला गाठलं. ग्रिफिन हा त्या शहरातल्या पोस्टर-चित्रकारांच्या मंडळीतला. वेस विल्सन, स्टॅनली माउस, आल्टन केली, व्हिक्टर मोस्कोसो आणि ग्रिफिन या पाच जणांनी 1966-67 मध्ये फिलमोर आणि अ‍ॅव्हलॉन या नृत्यगृहांतल्या मैफलींसाठी जी पोस्टरं केली, त्यांनी जाहिरातीचा पहिला नियमच मोडला होता. ती पोस्टरं वाचताच येत नसत. वेस विल्सननं व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरची विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अक्षरं पाहिली होती. ती त्यानं आणखी फुगवली, ताणली, ज्वाळेसारखी वितळवली. मोस्कोसो तर येल विद्यापीठात योसेफ आल्बर्स यांच्या हाताखाली रंगशास्त्र शिकलेला. एकमेकांना छेद देणारे दोन तेवढ्याच उजेडाचे रंग शेजारी ठेवले की त्यांच्या सीमेवर डोळा थरथरतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याचं पोस्टर बघणाऱ्याला अक्षरं हलताना दिसत. तारीख आणि ठिकाण समजून घ्यायला माणूस रस्त्यात थांबे, मान तिरकी करे, जवळ जाई. वाचायला वेळ लागणं हाच त्या पोस्टरांचा डाव होता.

अशा माणसाकडून वेनरनं अक्षरं घेतली आणि तीही अर्धीमुर्धी. ग्रिफिननं दिलेला कच्चा आराखडा होता, त्याला त्यावर अजून काम करायचं होतं. वेनरला घाई होती, त्यानं आहे तेच छापलं. पुढे 1977 मध्ये, दहाव्या वर्षाच्या निमित्तानं, जिम पार्किन्सन या अक्षरकारानं ती अक्षरं नव्यानं रेखली. अक्षरांची वळणं नीट झाली, सावली घट्ट झाली, पण मूळ चाल तीच राहिली.

आणि इथेच त्या झाकलेल्या नावाचं उत्तर हाती लागतं. अक्षरांना स्वतःची चाल असली की ती वाचावी लागत नाहीत. घरातलं माणूस गल्लीच्या टोकाला असलं, चेहरा दिसत नसला, तरी चालीवरून ओळखू येतं तसंच. पहिल्या अक्षराचा फुगीर पाय आणि शेवटच्या अक्षराची शेपटी दिसली की मधलं काही नसलं तरी डोळा ते भरून काढतो. नवख्या नियतकालिकाला हे परवडत नाही. त्यानं नाव झाकलं तर ते कोणाचं हेच कळणार नाही. त्यामुळे नावापुढे आलेलं डोकं दोन दावे एका दमात करतं. आम्हाला ओळखायला पूर्ण नाव लागत नाही, हा एक. आणि हा कलावंत आमच्याहून मोठा आहे, हा दुसरा. मला दुसरा दावा जास्त आवडतो. संगीतावरच्या नियतकालिकानं संगीतकाराला वाट करून द्यावी, तीही स्वतःच्या नावावरून, यात एक आदर आहे.

शिवाय त्यानं पान खोल होतं. चपट्या कागदावर मागे अक्षरं, पुढे डोकं, असे दोन थर होतात, आणि माणूस पानातून आपल्याकडे अर्धं पाऊल पुढे आल्यासारखा वाटतो. आज संगणकावर हे काही मिनिटांत होतं. त्याआधी छपाईच्या जुळणीत ते हातानं करावं लागे. रूबिलिथ नावाची लाल पातळ फिल्म असे. ती छायाचित्रावर पसरायची आणि धारदार पात्यानं डोक्याच्या कडेकडेनं कापत जायची. टोपी असली तर सोपं. कुरळे, मोकळे, मागून उजेड पडलेले केस असले की कापणाऱ्याची परीक्षा. एकेक बट सोडवत न्यायची. जरा हात चुकला की डोकं चिकटवलेल्या कागदासारखं दिसणार. रॉक संगीतानं केस वाढवले तेव्हा या कामगारांच्या बोटांवर काय भार पडला असेल याचा विचार कुठल्याच संगीत-इतिहासात सापडत नाही.

त्या पहिल्या अंकाला आजच्या अर्थानं मुखपृष्ठ नव्हतंच. ते घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं, पिना न मारलेलं, काळ्या शाईतलं, सोबत एखादाच वेगळा रंग. पहिल्या पानावर बातमी होती. मॉन्टेरीच्या संगीत महोत्सवात जमलेल्या पैशांचं काय झालं, ही. आणि जॉन लेननचं छायाचित्र. ते रिचर्ड लेस्टरच्या 'हाउ आय वन द वॉर' या चित्रपटातलं. डोक्यावर जाळीचं शिरस्त्राण, डोळ्यांवर गोल चष्मा, अंगात सैनिकाचा वेष. जगातल्या सगळ्यांत गाजलेल्या रॉक नियतकालिकाच्या पहिल्या पानावर ना गिटार आहे, ना माइक, ना रंगमंच. दुसऱ्या अंकावर टीना टर्नर आली.

लेननच्या हातात वाद्य नसण्याला त्या चित्रपटाचं कारण होतं. पण पुढच्या पन्नास वर्षांतली संगीत नियतकालिकं चाळा. मुखपृष्ठावरचे संगीतकार गाताना, वाजवताना फार क्वचित दिसतात. या विषयातलं मला सगळ्यांत गूढ वाटलेलं कोडं हे. क्रिकेटच्या मासिकावर फलंदाज फटका मारताना दिसतो, नृत्याच्या मासिकावर नर्तकी नाचताना. संगीताच्या मासिकावर गायक गप्प उभा.

माइकपासून सुरुवात करा. गाणाऱ्याच्या तोंडापुढे तो येतो आणि ओळखीच्या चेहऱ्याचा निम्मा भाग घेऊन टाकतो. सूर लावताना चेहरा ताणला जातो, डोळे मिटतात. ऐकताना ते सुंदरच वाटतं, पण एका क्षणी गोठवलं की वेदना झाल्यासारखं दिसतं. मंचामागे काळोख असतो. त्या काळोखावर काळी शाई ओतली की हलक्या कागदावर नुसता डाग पडतो आणि ओळी छापायला शांत जागा उरत नाही. आणि सगळ्यांत मोठं कारण नजरेचं. मंचावरचा गायक हजारोंकडे बघतो, म्हणजे कुणा एकाकडे नाही. स्टुडिओत भिंगाकडे बघणारा गायक मात्र प्रत्येक वाचकाकडे बघतो. तुम्ही डावीकडे सरका, उजवीकडे सरका, डोळे तुमच्यावरच. फळीवरच्या तीस अंकांत आपल्याकडे बघणाऱ्या चेहऱ्याकडे आपली मान आधी वळते. मैफलीचं छायाचित्र झालेल्या गोष्टीची बातमी देतं. समोरून बघणारा चेहरा भेट देतो, आणि अंक उघडला तर हा माणूस काही सांगेल असं आमिष दाखवतो.

वाद्याचा प्रश्न निराळाच, आणि तो निव्वळ मापाचा आहे. गिटार साधारण मीटरभर लांब, आणि वाजवताना आडवी. मुखपृष्ठ मात्र उभं. अख्खी गिटार पानाच्या रुंदीत बसवायची तर माणूस लहान करावा लागतो आणि चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा उरतो. चेहरा मोठा ठेवायचा तर गिटारचा गळा कडेला कापला जातो. 1967 मध्येच कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या 'गिटार प्लेअर'सारख्या वादकांच्या मासिकांना तर वाद्य दाखवणं भाग. त्यांनी तोड काढली ती कर्णाची. गिटारचं डोकं वरच्या कोपऱ्याकडे उचललेलं, शरीर खालच्या विरुद्ध कोपऱ्यात, मधे चेहरा. उभ्या चौकटीत सगळ्यांत लांब रेघ कर्णाचीच असते, हे शाळेतलं भूमितीज्ञान तिथे कामी येतं. आपला तंबोरा या बाबतीत भाग्यवान. तो उभा धरायचं वाद्य आहे, उभ्या पानासाठी जणू मापून केलेला. तबल्याची जोडी मात्र पानाच्या तळाशीच राहणार.

मग बँड. चार-पाच माणसं, सगळी उभ्या चौकटीत. ओळीत उभी केली तर पाच बारीक चेहरे. म्हणून गायक पुढे, बाकीचे मागे पाचरीसारखे, ड्रमर सगळ्यांत मागे. कितीतरी बँडांत रुसवेफुगवे झाले ते गायकालाच मुखपृष्ठ मिळतं म्हणून. गंमत अशी की तबकडीच्या वेष्टनाला हा त्रास नाही, कारण ते चौरस असतं. 1963 मध्ये रॉबर्ट फ्रीमननं 'विथ द बीटल्स'साठी चार अर्धे उजळलेले चेहरे चौरसात सहज बसवले. 1974 मध्ये मिक रॉकनं 'क्वीन टू'साठी चार डोकी शंकरपाळ्याच्या चारही टोकांवर ठेवली. या दोन्ही रचना उभ्या पानावर आणल्या तर वर नाव आणि खाली ओळींना जागा मिळते खरी, पण चेहऱ्यांमधला ताण सैल पडतो.

कागदानंही चेहरे घडवले. ब्रिटनची संगीत साप्ताहिकं, म्हणजे 1926 पासूनचं 'मेलडी मेकर' आणि 1952 मध्ये सुरू झालेलं 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' ऊर्फ 'एनएमई', वर्तमानपत्राच्या कागदावर छापली जात. वाचून झाल्यावर बोटं काळी होत, म्हणून त्यांना 'इंकी' म्हणत. तो कागद शाई पितो. ठिपका जेवढा छापला त्याहून मोठा होऊन बसतो आणि छायाचित्रातल्या करड्या छटा एकमेकींत मिसळून चिखल होतो. टिकतो तो निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा. अशा कागदाला मानवणारी छायाचित्रं म्हणजे दाणेदार, कडक, अर्धा चेहरा अंधारात गेलेली. 1979 मध्ये नेदरलँड्सहून लंडनला आलेल्या अँटन कॉर्बाइनची छायाचित्रं 'एनएमई'त येऊ लागली ती नेमकी या जातीची. पंक ओसरल्यानंतरच्या त्या संगीताची उदासी आज आपल्याला काळ्या-पांढऱ्यातच आठवते. तिच्यात त्या स्वस्त कागदाचाही वाटा आहे असं मी ठामपणे म्हणेन.

त्याच 'एनएमई'चे माजी संपादक निक लोगन यांना हा कागद पुरेना. संगीतकारांची छायाचित्रं चकचकीत कागदावर नीट छापली जावीत म्हणून त्यांनी 1980 मध्ये 'द फेस' काढलं. पहिल्या अंकावर 'द स्पेशल्स' या बँडचा जेरी डॅमर्स. पुढे 1981 ते 1986 नेव्हिल ब्रॉडी या तरुणानं त्याचा कलाविभाग सांभाळला. अक्षर वाचायचं असतं तसंच ते बघायचंही असतं, हे त्यानं पानोपानी दाखवलं. गंमत बघा, कागद बदलला आणि संगीताबरोबर कपडे, केशरचना, चालीरीती मुखपृष्ठावर आल्या. गुळगुळीत कागदावर कापडाचा पोत दिसू लागला होता ना!

आता ओळींविषयी. मुखपृष्ठावर छायाचित्राभोवती जी छोटी-मोठी वाक्यं असतात, ती लिहिणं ही स्वतंत्र कला आहे. तिचा नमुना म्हणून 17 सप्टेंबर 1981 चा 'रोलिंग स्टोन' कायम सांगितला जातो. मुखपृष्ठावर जिम मॉरिसन, जो 1971 मध्येच वारला होता. तो नव्या पिढीत पुन्हा लोकप्रिय होत होता. ओळीत त्याच्या देखणेपणाची दोन विशेषणं होती आणि तिसऱ्या जागी, त्याच सहज सुरात, तो मेलेला असल्याचं सांगितलं होतं. एका श्वासात म्हणता येईल एवढ्या वाक्यात सगळा लेख.

त्याच वर्षाच्या जानेवारीत मात्र याच नियतकालिकानं एकही ओळ न छापलेला अंक काढला होता. 8 डिसेंबर 1980 रोजी छायाचित्रकार अ‍ॅनी लिबोविट्झ न्यूयॉर्कच्या डकोटा इमारतीत जॉन लेनन आणि योको ओनो यांच्या घरी गेल्या. नियतकालिकाला एकटा लेनन हवा होता. लेननचा आग्रह होता, योको हवीच. लिबोविट्झ यांनी वरून छायाचित्र घेतलं. योको काळ्या कपड्यांत, केस पसरलेले, आणि निर्वस्त्र लेनन गर्भातल्या मुलासारखा तिला बिलगून तिच्या गालावर ओठ टेकवलेला. आधी काढलेलं पोलरॉइड बघून, आमचं नातं नेमकं असंच आहे, अशा अर्थाचं तो बोलला. त्याच रात्री त्या इमारतीच्या दारात त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

22 जानेवारी 1981 च्या अंकावर ते छायाचित्र आलं. आतापर्यंत सांगितलेलं सगळं त्यावर लावून बघा. नजर? लेननचे डोळे मिटलेले आहेत, योको दुसरीकडे बघते आहे. वाद्य नाही. मुख्य ओळ नाही, छोट्या ओळी नाहीत, त्याचं नाव नाही, जन्म-मृत्यूची सालं नाहीत. वर फक्त नियतकालिकाचं नाव. फळीवर ते विकलं जाण्यासाठी जे जे लागतं ते ते काढून टाकलं होतं, कारण त्या महिन्यात तो कोण आहे हे कुणाला सांगायची गरज नव्हती. 2005 मध्ये अमेरिकेतल्या नियतकालिक संपादकांच्या संघटनेनं मागच्या चाळीस वर्षांतल्या मुखपृष्ठांत त्याला पहिला क्रमांक दिला. मला त्यात सगळ्यांत धाडसी वाटते ती संपादकाच्या मेजावरची एक कृती: मजकूर लिहिणाऱ्यांनी मजकूर न लिहिण्याचं ठरवलं.

या जागेची ओढ किती होती याचे दाखले संगीतातच आहेत. 1972 मध्ये 'डॉक्टर हुक अँड द मेडिसिन शो' या बँडनं शेल सिल्व्हरस्टाइननं लिहिलेलं एक गाणं गायलं. आमच्याकडे सगळं आहे, फक्त 'रोलिंग स्टोन'च्या मुखपृष्ठावर आमचं चित्र आलेलं नाही, असा त्याचा विषय. गाणं गाजलं. ब्रिटनमध्ये बीबीसीनं ते वाजवायला नकार दिला, कारण त्यात एका नियतकालिकाची जाहिरात होत होती. 29 मार्च 1973 च्या अंकावर बँड खरोखर झळकला. छायाचित्रात नव्हे, व्यंगचित्रात. आणि खाली बँडचं नाव द्यायचं सोडून, ते कोण बरं ते, अशा अर्थाची ओळ. एका गाण्यानं मुखपृष्ठ मागितलं आणि मुखपृष्ठानं त्याच्याच सुरात उत्तर दिलं.

त्याउलट 16 एप्रिल 1992 चा अंक. 'निर्वाणा' या बँडचा कर्ट कोबेन मार्क सेलिगरच्या कॅमेऱ्यापुढे हातानं लिहिलेला टी-शर्ट घालून उभा राहिला. बड्या कंपन्यांची मासिकं अजूनही भिकारच, असा त्यावरचा मजकूर. अंक छापून बाहेर आला तो त्या शर्टासकट. आज बघताना जाणवतं की शर्टावरची ओळ ही त्या पानावरची सगळ्यांत चांगली कव्हरलाइन झाली आहे. छातीच्या उंचीवर, मधोमध, हस्ताक्षरात. संपादकाला याहून नेमकी जागा सापडली नसती.

खरं बंड ज्यांच्यापाशी फळीच नव्हती त्यांना जमलं. 1976 च्या जुलैमध्ये लंडनच्या मार्क पेरी या तरुणानं 'स्निफिन ग्लू' नावाचं पंक संगीताचं पत्रक काढलं. टंकलेखन यंत्रावरचा मजकूर, जाड फेल्टपेननं लिहिलेलं नाव, झेरॉक्स काढून पिना मारलेली पानं. वर्षभरात ते अनेक हजार प्रतींवर गेलं आणि 1977 मध्ये पेरीनं ते बंदही केलं. चांगली अक्षरं कापून आणायला पैसे नव्हते म्हणून हातानं लिहिलेलं ते नाव पुढे पंकची ओळखच होऊन बसलं. पैसेवाल्या कंपन्याही तसं हस्ताक्षर मुद्दाम करून घेऊ लागल्या. 1992 मध्ये अमेरिकेत निघालेल्या 'रे गन' या संगीत मासिकानं दुसऱ्या टोकाचं काही केलं. तिथे कलासंपादक डेव्हिड कार्सन मुखपृष्ठावरच्या नावाची अक्षरं अंकागणिक बदलत असे. कार्सन मुळात लाटांवर फळी चालवणारा खेळाडू आणि समाजशास्त्राचा शिक्षक. गायक ब्रायन फेरीची एक मुलाखत त्याला कंटाळवाणी वाटली तेव्हा त्यानं ती अक्षरांऐवजी चिन्हांच्या फाँटमध्ये जुळवून छापली. एक शब्द वाचता येत नाही. लिहिणाऱ्यावर हा अन्याय झाला असं माझं मत आहे, पण ते पान बघितलं की सॅन फ्रान्सिस्कोची ती न वाचता येणारी पोस्टरं आठवतात आणि राग अर्धा होतो.

आणि तळाशी ती पांढरी चौकट, बारकोडची. 26 जून 1974 रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंगमच्या पुडीवरचा बारकोड यंत्रानं पहिल्यांदा वाचला. 1979 मध्ये तो 'रोलिंग स्टोन'वर आला. 'मॅड' या विनोदी मासिकानं तर 1978 च्या एप्रिलमध्ये आख्खं मुखपृष्ठच बारकोडनं भरून टाकलं, यानं सगळी यंत्रं बंद पडोत अशी इच्छा व्यक्त करत. बारकोडला दोन्ही बाजूंना रिकामी जागा लागते, नाहीतर यंत्राला सुरुवात-शेवट कळत नाही. आणि वाचणारा किरण लाल असल्यामुळे लाल रंग त्याला पांढऱ्यासारखाच दिसतो, म्हणून पट्ट्या लाल करता येत नाहीत. वरच्या कडेला ज्या रंगावर सगळा भरवसा, तोच रंग त्याच पानाच्या तळाशी निरुपयोगी. 2008 मध्ये फळीनं आणखी एक विजय मिळवला. दहा बाय बारा इंचांचा ऐसपैस 'रोलिंग स्टोन' 30 ऑक्टोबरच्या अंकापासून साधारण आठ बाय अकरा झाला, इतर मासिकांच्या मापात.

त्याच 2008 मध्ये 'रोलिंग स्टोन'ची भारतीय आवृत्ती मुंबईतून सुरू झाली. तिच्या पंधरा वर्षं आधी, 1993 मध्ये, अमित सैगल यांनी अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' काढलं होतं. महाविद्यालयांच्या स्पर्धांत वाजवणाऱ्या आपल्याकडच्या बँडांना त्या अंकांत जागा मिळाली.

फळीनं नेमकं काय काय घडवलं हे तपासायचा एक सोपा प्रयोग मासिकांनी स्वतःच करून ठेवला आहे. काही ब्रिटिश मासिकं टपालानं अंक घेणाऱ्या वर्गणीदारांसाठी वेगळं मुखपृष्ठ छापतात. वर्गणीदारानं पैसे आधीच दिलेले, त्याला फळीवरून खुणावायचं नाही. त्या अंकांवरच्या ओळी जवळजवळ नाहीशा होतात, छायाचित्र जास्त धीट होतं, कधी चेहरा वळलेला असतो, कधी नुसतं चित्र. दोन्ही अंक शेजारी ठेवले की दुकानासाठी काय केलं होतं आणि कलेसाठी काय, याची वजाबाकी डोळ्यांनीच करता येते.

'एनएमई'चा छापील साप्ताहिक अंक मार्च 2018 मध्ये थांबला. आता पुष्कळ नियतकालिकं फक्त पडद्यासाठी डिजिटल मुखपृष्ठं काढतात. तिथे फळी नाही, शाई नाही, बारकोड नाही. गायिका पापणी लवते, केस वाऱ्यावर हलतात, आणि त्यामागे तिचं गाणंही वाजू शकतं. फक्त फोनवर चित्रफिती बहुतेक वेळा आवाज बंद ठेवूनच सुरू होतात. त्यामुळे ती मुखपृष्ठं करणारे कलाकार अजूनही आधी आवाज नसलेली आवृत्ती लावून बघतात, आणि ती जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करतात.